लाटीत अडकलेली टोपी

आक्काकडे मिरजेला दर वर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी उडदाचे पापड असतात. २०२४ साली तो रविवार १४ एप्रिलला आला. गच्चीवर साड्या अंथरलेल्या, खाली हॉलमध्ये पोळपाट मांडलेले, आणि दोऱ्याने लाट्या कापायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. या कामाला पगार नसतो, पण कापता कापता चार लाट्या तेलात बुडवून तोंडात टाकल्या तर कुणी काही म्हणत नाही. कच्च्या पिठाची चव, मिरीचा ठसका, पापडखाराने जिभेला येणारी ती झिणझिण. वर्षातून एकदाच मिळते ती.

तिसरी लाटी दाढेखाली दाबली, जबडा उघडला आणि उजवीकडे खाली काहीतरी ‘टप्प’ झालं. जीभ तिकडे गेली तर दाढेच्या जागी एक बारका, खरबरीत खुंट. लाटी बाहेर काढून पाहिली. मिरीच्या ठिपक्यांच्या पिठात रुतून बसलेली, दाताच्या रंगाची, आतून पोकळ अशी माझी टेम्पररी कॅप.

“अगं, दात पडला का काय तुझा?” आक्का लाटणं टाकून उठली.

“दात नाही गं, टोपी आहे नुसती.”

हे मी इतक्या निवांतपणे म्हटलं की आज आठवलं तरी मलाच राग येतो. ती कॅप पंधरा दिवसांसाठी होती. बसवली होती १४ फेब्रुवारीला. म्हणजे त्या रविवारी बरोबर साठ दिवस झाले होते, लीप वर्षाचा एक दिवस धरून. मी पतसंस्थेत हिशेब बघते. दिवस मोजायला चुकत नाही, फक्त मोजत नव्हते.

तर मुळापासून सांगते. ही दाढ म्हणजे नंबर ४६. दातांच्या डॉक्टरांच्या भाषेत ४ म्हणजे खालचा उजवा भाग आणि ६ म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा दात. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, आणि माझं वय तेव्हा ५२. म्हणजे नंबर ४६ आणि नोकरीही ४६ वर्षांची. चोविसाव्या वर्षी तिच्यात चांदी भरली होती. जानेवारीत चुरमुऱ्यातला भाजका शेंगदाणा चावताना तिची आतल्या बाजूची एक भिंत तुटली. दुखलं नाही. जीभ मात्र दिवसभर तिथेच.

आमच्या डॉक्टर तिशीच्या आतबाहेरच्या, मला ‘काकू’ म्हणणाऱ्या. एक्स-रे काढून, दाढेवर बर्फासारख्या गार कापसाचा बोळा लावून त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, “नस जिवंत आहे काकू, छान उत्तर देते आहे. रूट कॅनाल नको. चांदी काढू, नीट बांधून घेऊ आणि वरून कॅप घालू.” नस उत्तर देते, हे वाक्य मला फार आवडलं. पुढे ती बोलायला लागली तेव्हा नाही आवडलं.

कॅप म्हणजे काय, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. वाटायचं, नखावर नेलपॉलिश लावावं तसं दातावर काहीतरी बसवत असतील. तसं नसतं. टोपीला जागा हवी म्हणून आधी डोकं बारीक करावं लागतं. वरून दीड-दोन मिलिमीटर आणि चहूबाजूंनी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर दात घासून काढतात. दाताचं वरचं कडक कवच, इनॅमल, बहुतेक सगळं जातं आणि खालचं डेंटिन उघडं पडतं. डेंटिनमध्ये दर चौरस मिलिमीटरला हजारो बारीक नळ्या असतात, थेट नसेकडे जाणाऱ्या, आणि त्यांत पाण्यासारखा द्रव. गार वारा किंवा गार पाणी लागलं की तो द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश दंतवैद्याने साठच्या दशकात हे मांडलं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी फक्त आरशात तो खुंट पाहिला होता आणि पेन्सिलीला टोक करताना जरा जास्तच तासली गेली की जसं दिसतं, तसं मला वाटलं होतं.

पक्की कॅप लॅबमधून येईपर्यंत या खुंटाला उघडं ठेवता येत नाही. म्हणून टेम्पररी. ती माझ्यासमोरच केली. घासायच्या आधी दाढेचं पुटीमध्ये, म्हणजे मळलेल्या कणकेसारख्या मऊ गोळ्यात, माप घेऊन ठेवलं होतं. त्या खळग्यात दाताच्या रंगाचं अ‍ॅक्रिलिक ओतून ते पुन्हा दाढेवर दाबलं. अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना गरम होतं, म्हणून त्या मधेच दोनदा काढून पाहत होत्या, नाहीतर नसेला चटका बसतो. मग कडा घासल्या, निळा कागद दाताखाली धरून “चावा काकू, डावी-उजवी करा” झालं, आणि लवंगेच्या वासाच्या एका पांढऱ्या सिमेंटने टोपी बसली. लवंगेतल्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉल, तोच झिंक ऑक्साइडमध्ये कालवतात. चिडलेल्या नसेला तो शांत करतो. लहानपणी दाढ दुखली की आई लवंग धरायला सांगायची. तीच लवंग, खुर्ची मात्र हायड्रॉलिक.

या सिमेंटची खुबी अशी की ते मुद्दामच कच्चं असतं. पंधरा दिवसांनी कॅप सहज निघावी म्हणून. म्हणजे निघणं हा त्या टोपीचा दोष नाही, तिचं कामच ते. उजवीकडून चिकट खायचं नाही, चिक्की, टॉफी, च्युइंगगम बंद, फ्लॉस वर ओढायचा नाही, बाजूने सरकवून काढायचा, हे सगळं त्यांनी सांगितलं होतं. यादीत पापडाची लाटी नव्हती, पण असल्या सबबी आमच्याकडे कर्जदार सांगतात.

२८ फेब्रुवारीला पक्की कॅप बसवायची होती. मी फोन करून पुढे ढकलली. मार्च एंड. ज्यांनी बँकेत किंवा पतसंस्थेत काम केलंय त्यांना यापुढे काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की मार्चमध्ये माणसं घरचं लग्नसुद्धा पुढे ढकलतात.

आता गंमत बघा. हिशेबात सस्पेन्स खातं नावाची एक जागा असते. जी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते लगेच ठरत नाही, ती तात्पुरती तिथे ठेवायची आणि वर्ष संपायच्या आत तिचा निकाल लावायचा. दर मार्चमध्ये मी पोरांच्या मागे लागलेली असते, “सस्पेन्स शून्य करा, सस्पेन्स शून्य करा.” आणि माझ्याच तोंडात एक नोंद पडून होती जिच्याकडे मी बघतसुद्धा नव्हते.

तिने मात्र सगळ्या सूचना वेळेवर दिल्या होत्या. पहिला आठवडा उजव्या बाजूचे दात एकमेकांवर नीट बसतच नव्हते, जेवताना आधी ती दाढ लागायची, मग बाकीच्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या, उंच वाटली तर लगेच या, दोन मिनिटांत घासून देते. मी गेले नाही. होईल सवय म्हटलं, आणि झालीही. पण सवय मला झाली, दाढेला नाही. दर घासाला तिच्यावर जादा भार येत राहिला. मग सुपारीच्या खांडासारखं काहीतरी रोज दाढेशेजारी अडकायला लागलं. कॅपच्या कडेजवळची हिरडी ब्रश लागला की रक्त द्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला आज कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी सांगेन: लवंगेचा वास गेला. पहिले तीन-चार आठवडे जीभ तिथे नेली की लवंग यायची. मार्चच्या शेवटी शेवटी तिथून शिळ्या भाकरीसारखा वास यायला लागला. सिमेंट विरघळून गेलेलं होतं, टोपी नुसती अडकून बसली होती आणि तिच्या आत थुंकी, अन्नकण, जंतू सगळ्यांची ये-जा सुरू होती. मी माउथवॉश आणला.

म्हणजे लाटीने टोपी काढली असं म्हणण्यात काही अर्थ नाही. ती कधीच सुटलेली होती.

मिरजेहून घरी आले ती कॅप हळदी-कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून. आमच्या ह्यांनी डबी उघडून पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “फेविक्विकचा एक थेंब टाकला की झालं.” हे इंजिनिअर आहेत. मी डबी काढून घेतली. (खरंच कुणी हे करू नका. त्या गोंदाने जिवंत दात आणि हिरडी दोन्हीला इजा होते, शिवाय कॅप वाकडी चिकटली तर नंतर तोडूनच काढावी लागते.) दिवसा मी ती कॅप तशीच खुंटावर दाबून बसवायची आणि झोपताना काढून ठेवायची, झोपेत घशात गेली तर काय, या भीतीने. तेवढं एक शहाणपण केलं. गिळली गेली तर बहुतेक वेळा काही होत नाही, दोन दिवसांनी निघून जाते. श्वासनलिकेत गेली तर मात्र थेट हॉस्पिटल.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कॅप बसेना. एका बाजूने वर राहायची. मला वाटलं, कॅप वाकडी झाली. अ‍ॅक्रिलिक कुठलं वाकडं होतंय. दात हलले होते. दात म्हणजे भिंतीत पुरलेली खुंटी, असं आपण धरून चालतो, पण ते जिथे मोकळी जागा दिसेल तिकडे सरकतात. शेजारचा कलतो, समोरचा वरून खाली उतरायला लागतो, हिरडी खुंटाच्या कडेवर चढते. एस.टी.त खिडकीची जागा सोडून कुणी क्षणभर उठलं की बाकीचे कसे सरकतात, तसं.

पहिले दोन दिवस गार वाऱ्याने दाढ शिवशिवायची. नंतर तेही कमी झालं. “दुखत नाही ना, मग काय एवढं!” हे माझं त्या तेरा दिवसांतलं पालुपद. २२ तारखेला शेवटी फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, “आजच या.” मी म्हटलं, “शनिवारी येते.”

शनिवारी, २७ एप्रिलला, त्यांनी कपाटातून एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यावर माझं नाव, ४६, आणि फेब्रुवारीतली तारीख. आत पक्की कॅप, झिर्कोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाच्या कडक सिरॅमिकची, इतकी सुंदर की दागिना वाटावा. दोन महिने माझी वाट बघत होती ती. त्यांनी ती खुंटावर ठेवली, थोडी दाबली, काढली, पुन्हा ठेवली. तोंडातल्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण हात थांबलेला कळला.

“काकू, ही आता तुमची नाही राहिली.”

मागे हिरडी वाढून कड झाकली गेली होती, शेजारची दाढ कललेली, आणि खुंटाच्या आतल्या बाजूला, नेमकी जिथे भिंत तुटली होती तिथे, कीड लागून डेंटिन मऊ झालं होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं, मी तयार होते. ओरडल्या नाहीत. कीड साफ केली, हिरडी बाजूला सारली, नवीन माप घेतलं, नवीन टेम्पररी केली. निळा कागद लावून या वेळी मीच सांगितलं, “अजून जरा उंच आहे,” तीनदा. जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी मोबाईलमध्ये लिहून ठेवली: गार लागून कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर नस रागावलेली आहे, शांत होऊ शकते. गरम लागून ठणका आला आणि गेलाच नाही, किंवा काहीच न करता रात्री आपोआप दुखायला लागलं, तर नस चालली. “तसं झालं तर शनिवारची वाट बघू नका.”

नऊ दिवस गेले. ६ मेच्या रात्री जेवणानंतर कॉफी घेतली आणि दुसऱ्या घोटाला उजव्या जबड्यातून कानापर्यंत एक तार ओढल्यासारखं झालं. वाटलं, जाईल. अकरा वाजता आडवी झाले आणि ते दुप्पट झालं. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या बंद पोकळीत सुजलेल्या नसेला पसरायला जागा नसते, हे कारण मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की बसून राहावं लागणार. ह्यांनी लवंगेचं तेल आणलं. कापसाचा बोळा हिरडीला लागला तिथे कातडी पांढरी झाली, दाढेपर्यंत काही पोहोचलं नाही, कारण वर नवी कॅप घट्ट बसलेली.

अडीचच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. माठातला पहिला घोट तोंडात घेतला आणि दुखणं थांबलं. अगदी बटण बंद केल्यासारखं. घोट गिळला, अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू. पुन्हा घोट, पुन्हा शांत. ज्या गार पाण्याला मी चाळीस वर्षं घाबरत आले, तेच आता औषध. नस मरायला टेकली की असं होतं. गरमाने दुखतं, गाराने थांबतं. मी स्वयंपाकघरात माठाशेजारी स्टूल टाकून पहाटेपर्यंत बसले, तोंडात पाणी धरून, उजव्या गालाला तांब्या लावून. समोरच्या भिंतीवर पतसंस्थेचंच कॅलेंडर होतं.

दुसऱ्या दिवशी ७ मे, सांगलीत लोकसभेचं मतदान. दवाखाना बंद. डॉक्टरांना सातला मेसेज केला, त्यांचा लगेच फोन आला, “मत देऊन या, अकराला मी दार उघडते.” मी पाण्याची बाटली घेऊन रांगेत उभी राहिले. दर मिनिटाला एक घोट, गाल फुगवलेला. माझा नंबर आला, आतल्या अधिकाऱ्याने यादीतलं नाव वाचलं आणि “बरोबर?” म्हणून माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड पाण्याने भरलेलं. मी जोरजोरात मान हलवली. त्यांना वाटलं मी ‘नाही’ म्हणते आहे. घोट गिळेपर्यंत मागचे दोघं हसत होते.

अकराला खुर्चीत. बोटाला शाई, गालात इंजेक्शन. एकाने भागलं नाही. इतकी सुजलेली खालची दाढ पटकन बधिर होत नाही, दुसरं द्यावं लागलं. दहा दिवसांपूर्वी बसवलेल्या टेम्पररीतूनच भोक पाडून त्या आत गेल्या आणि अचानक सगळं हलकं झालं. डोळ्यातून पाणी आलं माझ्या, दुखण्याने नाही. त्या म्हणाल्या, “आत सगळं लाल आहे.” दोन मुळं, त्यांत नसेचे तीन कालवे. पहिल्या दिवशी साफ केले, पुढच्या आठवड्यात भरले.

ज्या नसेला फेब्रुवारीत ‘छान उत्तर देते’ म्हटलं होतं ती मेमध्ये बारीक सुयांना चिकटून बाहेर आली. डॉक्टर खरं तेच बोलल्या. कॅपसाठी घासलेल्या जिवंत दातांपैकी काहींची नस सगळं वेळेवर करूनसुद्धा पुढे काही वर्षांत जाते. कदाचित माझीही गेली असती. पण साठ दिवस गळकी टोपी आणि तेरा दिवस उघडा खुंट, यानंतर मला तसं म्हणायचा हक्क नाही.

रूट कॅनालनंतर पुन्हा माप, पुन्हा टेम्पररी, तिसरी. ही सगळ्यात लबाड. कारण आता खाली दुखायला कुणी नाही. कड गळो, कीड लागो, दाढ काही सांगणार नाही. जिवंत होती तेव्हा निदान बोंब तरी मारायची. म्हणून मी रोज रात्री जीभ नेऊन वास तपासायचे. लवंग नव्हती या वेळी. पक्की कॅप रेझिन सिमेंटने चिकटवायची होती आणि युजेनॉल राहिलं तर रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून दुसरं, बिनवासाचं सिमेंट. मला फार चुकल्यासारखं झालं त्या वासाशिवाय.

जूनमध्ये दवाखान्यातून फोन आला. लॅबला उशीर होतोय, पुढच्या आठवड्यात चालेल का? मी इतक्या ठामपणे “नाही” म्हटलं की रिसेप्शनवरची मुलगी घाबरली. दोन दिवसांनी कॅप आली. बसली. निळा कागद चार वेळा.

फेब्रुवारीतली ती जुनी झिर्कोनियाची कॅप मी मागून घेतली. पैसे भरले होते मी तिचे, फुकट कशाला सोडू. ती पिशवीसकट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये व्हाउचरच्या गठ्ठ्यांखाली पडून होती. यंदाच्या मार्चमध्ये ड्रॉवर आवरताना आमच्या नव्या क्लार्कला सापडली.

“मॅडम, हे कुठल्या खात्यातलं?”

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मग सरळ बोट घालून उजवीकडची दाढच दाखवली. तो दोन पावलं मागे सरकला.